‘लेडी मॉर्वेना’चं सुपाचं भांडं

लिव्हरपूल, ९ मार्च १९५३

प्रिय डिम्फना,

तुझ्या घरावर पवित्र मातेची कृपा असो. मॅलकीभावजींचा खोकला कसा आहे? (दिवसभर जहाजं कापणाऱ्या माणसाने घरी तरी पाइप ओढू नये, असं माझ्या वतीने सांग.)

पत्रास कारण, सुपाचं भांडं. आमची ‘लेडी मॉर्वेना’ मोडीत निघाली, सामानाचा लिलाव झाला, आणि चाळीस माणसांचं भांडं मी एकटीने उचलून घरी आणलं. शेजारीण मिसेस टिअर्नी दारातच म्हणाली, “फिलो, आता यात आंघोळ करणार होय गं?” तिला काय सांगू? सत्तावीस वर्षं मी त्या बोटीवर बायकांच्या केबिनी सांभाळल्या. एका सरदारीणबाईच्या पोपटाला रोज कोमट अंडं भरवलं. मग लढाई आली. बोटीला करडा रंग फासला, नाचघरात सैनिकांना झोपायला झोळ्या टांगल्या, आणि पहिल्याच वादळात या भांड्यात अख्खी पलटण आळीपाळीने ओकली. (माशाची सुरी कुठल्या हाताला ठेवायची ते शाळेत नन्सनी शिकवलं होतं. हे नव्हतं शिकवलं.)

माझा धाकटा भाऊ लिओ खाली तीन नंबरच्या बॉयलरखोलीत होता. अधिकाऱ्यांचं उरलेलं पुडिंग मी एप्रनखाली लपवून न्यायचे, तर म्हणायचा, “ताई, आज कुठल्या लॉर्डाचं उष्टं?” बोटीला टॉर्पेडो लागला तेव्हा मी पुडिंग घेऊन त्याच्या दारापाशीच पोचले होते. पाणी पुढे शिरू नये म्हणून हुकूम आला, लोखंडी दार बाहेरून बंद झालं. म्हणून बोट तरली, नऊशे जण वाचले, मीही वाचले. आतून ठोकल्याचा आवाज थोडा वेळ येत राहिला. बंदरात त्या खोलीतलं पाणी उपसलं तेव्हा आतल्या बारापैकी अकरा जण सापडले. लिओ बाजूच्या भगदाडातून समुद्रात गेला असावा.

पुढे बोट दुरुस्त झाली, पांढरी झाली, पुन्हा नाच सुरू झाले, पुन्हा पोपट आले. सगळे विचारायचे, त्याच बोटीवर कशी गं जातेस? अगं, कबरीवर जायला इतरांना ट्राम लागते. मला तर तिथे जायचा पगार मिळायचा.

तुझी मावसबहीण,
फिलोमेना

ता. क. भांडं तुला हवं असेल तर पाठवते. तीनदा उकळलंय. तरी त्यात जिरेनियमच लाव, सूप नको.

ता. क. भांड्याचं राहू दे. बोट भावजींच्याच यार्डात आली आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांना सांग, तीन नंबरची बॉयलरखोली सगळ्यात शेवटी कापा. दारापाशी आलात की टोपी काढा, आणि कापायची ज्योत पेटवण्याआधी दाराच्या बाहेरून दोनदा ठोका. (आत कोणी नाही, एवढं मला कळतं. पण त्या दिवशी बाहेरून आम्ही कोणीच ठोकलं नव्हतं.)