डोक्यावर पाच मजले

मंगळवार, ५ मार्च

बारावा मजला! सतरापैकी बारावा! म्हणजे डोक्यावर पाच मजले माणसं चालणार. काउंटरवरच्या पोरीला म्हटलं, "मला सगळ्यात वर टाक गं." तर म्हणते, "वरचं सगळं भरलंय, बाईसाहेब. बाराव्यावरूनही समुद्र दिसतो." समुद्र काय करायचाय? आम्हा रोमांत, लोक ज्यांना जिप्सी म्हणतात त्यांच्यात, मोठ्यांच्या डोक्यावर तरण्या बाईचं पाऊल पडू नये. एवढं साधं. पण हेलसिंकीतल्या पोरीला हे सांगितलं असतं तर म्हातारीला वेड लागलं म्हणाली असती. आधीच गोल फिरणाऱ्या दारात माझा मखमली घागरा अडकला होता. पहारेकरी काय, सोडवायचं सोडून माझ्या बॅगेकडे टक लावून!

बॅग जड आहेच. आत आणखी एक घागरा आहे – मिरेल्लाचा.

मिरेल्ला माझी नात. मीच वाढवली. हा फोनही तिनंच शिकवला: लाल ठिपका दाबायचा, बोलायचं, तू लिहायचं. मला अक्षर येत नाही, त्यामुळे तू काय लिहून ठेवतेस देव जाणे, बये! वाचणारं कुणी नाही, तेच बरं.

ऑगस्टमध्ये ती रेइनोबरोबर पळाली. त्यात काय एवढं? आमच्यात लग्नं लावत नाहीत, पोरं पळूनच जातात. मग वर्ष-दोन वर्षं तोंड लपवायचं, मोठ्यांचा राग निवला की परत यायचं. मीही पळाले होते, दुधाच्या गाडीत बसून. माझा मुलगा तैस्तोही तसाच पळाला. आणि आता तोच, तिचा बाप, दाराला कडी लावून बसलाय. "तिचं नाव माझ्या घरात काढायचं नाही, आई!" बापानं बोलावल्याशिवाय ती यायची नाही.

माझ्या भाचीनं तिला ह्याच हॉटेलात पाहिलं. चादरींची गाडी ढकलत होती, म्हणे. पँट घालून! म्हणजे मला पाहिलं की ती लपणार. पँटमध्ये मोठ्यांसमोर उभी राहायची नाही ती, मरेल पण नाही.

तैस्तोनं कोटकाहून आणून सोडलं. त्याला वाटतं, मी डोळ्यांच्या डॉक्टरसाठी आले. खोटं नाही. डोळ्यांसाठीच आले – ते विझायच्या आत तिला बघायला. रविवारी दुपारी तो न्यायला येणार. पाच दिवस.

बुधवार, ६ मार्च

डॉक्टर चांगला माणूस. फार हळू बोलला. इतकं हळू बोलतात तेव्हा बातमी वाईटच असते. डावा डोळा गेलाच. उजवा उन्हाळ्यापर्यंत. "इंजेक्शनांचा आता उपयोग नाही." म्हटलं, "उन्हाळा म्हणजे कुठपर्यंत? स्ट्रॉबेरी येईपर्यंत?" हसला नाही बिचारा.

परत आले ती मजल्यावरून फिरत सुटले. सगळी दारं सारखी, सगळे गालिचे सारखे. लिफ्ट माझ्या कार्डावर बाराव्याशिवाय कुठे वर जातच नाही. सफाईची एक बाई भेटली, हेल्वे, एस्तोनियाची. विचारलं, "मिरेल्ला इथं काम करते का गं?"

"अशी कुणी नाही इथं."

बोलली, पण बघत होती गालिच्याकडे.

मग दुसऱ्याच दाराला माझं कार्ड लावत बसले. तोच पहारेकरी आला. "इथं काय करताय?" म्हटलं, "आंधळी होतेय, बाबा, सराव करतेय." त्यानं दंड धरून खोलीत आणून सोडलं. दंड धरून! सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला!

गुरुवार, ७ मार्च

नाही. कुठेच नाही. जेवले नाही.

शुक्रवार, ८ मार्च

खिडकी उघडत नाही. श्वास कोंडतो. खाली पासिलाच्या रुळांवरून गाड्या जातात, पण मला फक्त उजेडाच्या रेघा दिसतात. परवापेक्षा आज कमी.

सकाळपासून वर चाकं वाजताहेत. गाडी ढकलते, थांबते, ढकलते, थांबते. तेराव्यावर. माझ्या अगदी डोक्यावर.

तीच असली तर?

आयुष्यभर पोरींना दटावत आले – माडीवर जाऊ नकोस, खाली आजोबा बसलेत! पुतणीला तर एकदा नवं घर सोडायला लावलं, कारण खालच्या मजल्यावर म्हातारी राहायची. केवढा माझा तोरा! आणि आज पलंगावर उताणी पडून छताकडे बघत मीच म्हणतेय: चाल गं पोरी. चाल माझ्या डोक्यावरून. नाच हवं तर. फक्त तूच अस.

खुर्चीवर चढून काठीनं छत ठोकलं. चाकं थांबली. पुष्कळ वेळ थांबली. मग लांब गेली.

खूप रडले. हे लिहू नकोस, बये. लिहिलंस ना? लिहिलंच असशील.

शनिवार, ९ मार्च

सकाळीच काउंटरवरच्या पोरीचा फोन. "बाईसाहेब, तुम्हाला सतराव्यावर हलवतोय. तुमचा नळ गळतोय ना?"

नळ? नळ ठणठणीत आहे!

"सफाईवाल्यांनी कळवलंय. सगळ्यात वरचीच खोली द्या, असंही म्हणाले."

फोन ठेवला. ह्या अख्ख्या इमारतीत कुणाला पडलंय, की म्हातारीच्या डोक्यावर कुणाचे पाय नकोत? आमच्याशिवाय कुणाला? माझीच शिकवण, माझंच पिल्लू! आजीच्या डोक्यावर चालायला नको म्हणून आजीलाच वर चढवलं, पण तोंड दाखवलं नाही.

सतराव्यावर आले. तिचा घागरा खुर्चीवर पसरला, दारात बूट अडकवून दार उघडं ठेवलं आणि खाली नाश्त्याच्या हॉलात जाऊन बसले. तीन तास. कॉफीवर कॉफी.

परत आले. घागरा जसाच्या तसा. अंथरूण नीट केलेलं. आणि माझा कप, घरून आणलेला, हॉटेलच्या पेल्यांपासून वेगळा, स्वच्छ पांढऱ्या रुमालावर पालथा. घरी धुऊन ठेवायची तस्साच.

आली होती. घागऱ्याला हात लावला नाही. बापानं नाव टाकलेल्या पोरीनं आजीनं शिवलेला घागरा कसा घालावा?

हेल्वेला गाठलं. आता ती गालिच्याकडे बघेना. म्हटलं, "तिला एवढाच निरोप दे. म्हणावं, आजीला आता समोरचं माणूस नुसतं सावलीसारखं दिसतं. पँट दिसायचीच नाही. आणि उद्या दुपारनंतर आजीही दिसायची नाही."

हेल्वे बाहीनंच डोळे पुसत गेली. आता मी काय करू? वाट बघते.

रविवार, १० मार्च

खुर्चीवर पँट आहे. नीट घडी घातलेली.

मी तिचं तोंड दोन्ही हातांनी धरून खिडकीशी नेलं, उजेडात. नाक माझंच. बरं झालं, बघून ठेवलं. म्हणते, "आजी, घागरा कमरेत आवळतोय." मी ऐकलंच नाही असं केलं. ती पोटातली बातमी आमच्यात मोठ्यांनी अशीच ऐकायची असते.

आत्ता तैस्तोचा फोन आला. खाली गाडीत बसलाय. "आई, बॅग घेऊन ये, उशीर होतोय." म्हटलं, "तुझी लेक सतराव्या मजल्यावर उभी आहे, तैस्तो, माझ्याशेजारी, घागरा घालून. आणि तू तिच्या पायाखाली बसलायस. तुला चालत असेल तर बस तसाच. नसेल तर वर ये."

काउंटरवरच्या पोरीला आधीच सांगून ठेवलंय, त्याला लिफ्टनं वर सोड. फोनमध्ये गाडीचं दार वाजलं.

थांब बये. लिफ्ट येतेय.