बाबांच्या पुतळ्याला माझा चेहरा

डर्बन बंदर

आई, नमस्कार.

मी बरा आहे. जहाजांवरच्या हल्ल्यांमुळे लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून चाललोय, तेव्हा काळजी नको. तुझे गुडघे कसे आहेत?

ताईने खाडीवरच्या बाबांच्या पुतळ्याचा फोटो पाठवला. अगं, तो तर मीच आहे. बाबांचा धड फोटो नाही म्हणून तू मूर्तिकाराला माझा युनिफॉर्ममधला दिलास म्हणे, नाक तरी सारखंच म्हणून. ठीक आहे. बुडत्या जहाजातून चौघांना काढून बाबा स्वतः परतले नाहीत, याची गावाने आठवण ठेवली, हे बरं झालं.

पण तेव्हापासून मला नीट झोप नाही. सोमवारी अनावरणाला पाहुणे घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून पोहोचले की नारळ फोडू दे, भाषणं होऊ दे. मी घरी येईपर्यंत त्या गळ्यात हार मात्र कुणाला घालू देऊ नकोस.

तुझाच,
हर्षित