इंग्रज म्हाताऱ्यांचं गाणं

भैंसा, कार्तिक वद्य पंचमी, १९९४

आज हैदराबादेहून परत आले. आणलं ते असं: कुंकू दोन रुपये, उदबत्ती चार रुपये. गाण्याच्या पासाचं काय लिहू? वसंतानं किंमत सांगितलीच नाही. धाकटा भाऊ, पण हट्टी.

गाणारे इंग्रज, तरुणपणापासून एकत्र वाजवणारे, आता सगळ्यांचे केस पांढरे. मी कीर्तनाच्या सवयीनं मैदानाबाहेर चपला काढल्या आणि आत शाल अंथरून बसले.

“ताई, ऊठ! हे देऊळ नाही. लोक अंगावर पाय देतीन.”

“मग सगळे हात वर करून काऊन उभे राह्यले?”

हसतच सुटला. चपला काही परत मिळाल्या नाहीत.

आवाज छातीत धडधडत होता. मधेच एका म्हाताऱ्यानं मान कलती केली, डोळे मिटले आणि गिटारीची तार सुरात लावली. भजनाआधी पखवाजाला कणीक लावून आबा असंच ऐकतात. अगदी तश्शीच मान! आणि याच गिटारीपायी आबांनी पोटच्या पोराला, वसंताला, घर बंद केलं.

ती कलती मान डोळ्यांपुढून हलत नाही. देवा, हे दाखवलंस, तुझे उपकार. आबा म्हणतील, तुलाही नादी लावलं. म्हणू देत.

उद्या कार्ड टाकायचं: वसंता, संक्रांतीला गिटार घेऊन ये. बोलायचं ते मी बोलते, तू फक्त आबांसमोर बसून तार लाव. येतोस ना, ते उलट टपाली कळव.