गाडीला काही झालं नाही

५ जानेवारी २०२५, रविवार
सकाळी चारोटीला हायवेवर ॲम्ब्युलन्स लावून बसलो होतो. मुंबईकडून बारा स्पोर्ट्स कार गेल्या — ओळीने! पिवळ्या, पोपटी, जांभळ्या. टपरीवरची माणसं मोबाइल काढून धावली. मी जागचा हललो नाही. सगळ्यांचा आवाज सारखाच, काचा काळ्या, गिअर आपोआप. मग आतला माणूस करतो काय?

आगर गावच्या चिकूवाडीवाल्या काशीनाथशेठची गाडी म्हणजे गाडी! लाल, दोनच सीटची, विलायती, वरून उघडी. गिअर टाकताना तिची मर्जी सांभाळावी लागायची. माझा थोरला भाऊ चिमणदादा शेठकडे ड्रायव्हर होता. तो चालवायचा, मी धुवायचो. आगरच्या रस्त्यावर ती आली की टोपल्या घेतलेल्या बाया बाजूला व्हायच्या आणि हसायच्या.

७ जानेवारी
शेठचा फोन! एक्क्याऐंशी वर्षांचे झाले, आवाज तसाच. "उमेश, गाडी पाच वर्षं बंद पडून आहे रे. माझे गुडघे गेले. तू येऊन चालू कर." हो म्हणालो. फोन ठेवला आणि धुतलेली ॲम्ब्युलन्स पुन्हा धुवायला घेतली.

९ जानेवारी
सुट्टी टाकून आगरला. प्रगतीला बरोबर नेलं — पोरगी पालघरला ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करतेय, म्हटलं बघू दे खरी गाडी.

चिकूच्या क्रेटमागे ताडपत्रीखाली होती. सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. पण रंग! मी बॉनेटवरून हात फिरवत होतो, आणि ही बाई विचारते काय, "बाबा, बेल्ट कुठायत?"

"तेव्हा नसायचे."

तिनं बंपरवर गुडघा रेटला. "हे तर दबतच नाही."

"तेच सांगतोय! लोखंड आहे. आताच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे."

"गाडी चुरगळायलाच हवी बाबा. ती चुरगळली नाही तर आतला माणूस चुरगळतो."

काय झालं मला कोण जाणे — ओरडलो तिच्यावर. शेठसमोर!

१२ जानेवारी
चालू झाली! नवी बॅटरी, नवे प्लग, कार्बोरेटर साफ केला. शेठनी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या.

१९ जानेवारी, रविवार
पावणेआठला कॉल आला. तलासरीच्या पुढे, गुजरातच्या बाजूला. पाच तारखेच्या त्याच ओळीतली एक पिवळी गाडी डिव्हायडरला धडकलेली. पुढचा भाग नव्हताच. चुरा! एक चाक शेतात. मी सिस्टर हिरकणीला म्हटलं, "पांढरी चादर घ्या."

गाडी चालवणारी पोरगी रस्त्याच्या कडेला बसली होती. बसलेली! भुवया एअरबॅगच्या भुकटीनं पांढऱ्या झालेल्या. म्हणाली, "काका, माझी एक चप्पल आत राहिलीय. भेटेल का?"

वापीची. नाव दक्षा. वय सव्वीस. किती स्पीड होता? "एकशे वीस," म्हणाली आणि रडायला लागली. गळ्याखालचं हाड मोडलंय, बाकी काही नाही.

चप्पल काढायला आत वाकलो. पुढचं सगळं गेलेलं, आणि ती बसली होती ती जागा डब्यासारखी शाबूत. स्टीअरिंग जिथल्या तिथे. मी त्यावर हात ठेवून उभाच राहिलो. हिरकणी ओरडली, "उमेशदादा, चला! पेशंट आहे!"

२० जानेवारी
आज लिहितोच. आजवर कागदावरही आणलं नव्हतं.

मार्च १९९२. चिमणदादा शेठना स्टेशनवर सोडून एकटाच परत येत होता. आगरच्या रस्त्यावर गाडी चिंचेवर गेली. स्पीड चाळीससुद्धा नसेल. मी धावत गेलो. गाडीचा एक दिवा फुटला होता आणि बंपर जरासा वाकडा. बस्स. जो तो म्हणत होता, "काय मजबूत गाडी! गाडीला काही झालं नाही!" दादा आत बसूनच होता. स्टीअरिंग छातीत गेलेलं. चोवीस वर्षांचा होता.

आदल्या संध्याकाळी ब्रेक ऑइल मी भरलं होतं. झाकण घट्ट लावलं होतं का? नसेल तर तेल गळून ब्रेक लागले नसतील. आठवत नाही. तेव्हाही आठवलं नव्हतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तेहतीस वर्षं त्या गाडीचं कौतुक सांगत सुटलो. कौतुकच करत राहिलो की पुढचं कुणी विचारत नाही.

२३ जानेवारी
प्रगतीला सगळं सांगितलं. मला वाटलं, "बघा, मी म्हणत नव्हते?" असं म्हणेल. तसं काही म्हणाली नाही. चहा गार होईस्तोवर माझा हात धरून बसली. मग एवढंच — "शेठना विचारलंत कधी?"

२६ जानेवारी
प्रगतीनं शेठच्या परवानगीनं गाडीचे ब्रेक खोलले, सगळी रबरं बदलली. सीटला बेल्टही बसवतेय. कपाळाला ग्रीस. मी शेठसमोर उभा राहिलो आणि झाकणाचं बोलून टाकलं.

शेठ खुर्चीतून पुढे झुकले. "वेडा आहेस का रे? ब्रेक लागले होते! रस्त्यावर काळे पट्टे होते — आठ पावलं. मी स्वतः मोजले. त्यानं कुणाला तरी वाचवायला गाडी वळवली."

"कुणाला?"

"ते सांगणार नाही असा शब्द दिलाय मी. थांब. तिला विचारून बघतो."

तिला!

घरी येऊन जेवलो. पोटभर.

२ फेब्रुवारी, रविवार
शेठच्या वाडीवर ती आली. रूपी. आगरच्याच पाड्यावरची. केस पिकलेत. तेव्हा नवीन लग्न झालेलं, डोक्यावर लाकडाची मोळी, वळणावर एकदम गाडीसमोर आली. आमची माणसं जाब विचारायला येतील म्हणून तेहतीस वर्षं त्या रस्त्यानं गेली नाही.

म्हटलं, "तुमची चूक नव्हती."

"तुजी पण नाय," ती म्हणाली. शेठनी माझंही सांगून ठेवलं होतं.

मग गाडीभोवती एक चक्कर मारली तिनं. बॉनेटवर हात ठेवला. "मला बसव यात."

मी नको म्हणणार, तेवढ्यात प्रगतीनं दार उघडलं, तिला बेल्ट लावला आणि स्वतः स्टीअरिंगवर बसली. वाडीतल्या वाटेनं हळूहळू एक फेरी. पदर उडतोय, एका हातानं डोकं धरलेलं. परत आली तेव्हा डोळे ओले, आणि हसत होती! प्रगतीनं बेल्ट सोडला. पण रूपी उतरेना.

"अजून एक," म्हणाली.