टूरिस्ट जातात तिथे आपण जायचं नाही

१९ ऑगस्ट, मंगळवार

टेगन हो म्हणाली. लग्नाला नाही, ट्रिपला. पण पहिली पायरी तीच.

बेत असा. सप्टेंबरअखेर कामाची पाळी संपली की खाणीवरून पर्थ, मग अ‍ॅडलेड, मेलबर्न, सिडनी, आणि शेवटी ब्रिस्बेन. ब्रिस्बेनजवळ इप्सविच, इप्सविचमध्ये आमचं घर, घरात आई. टेगनला आई आवडली आणि आईला टेगन, की विचारून टाकायचं: खाण सोड, इथेच राहू. मीही सोडतो. खाणीच्या कॅम्पवरच्या पत्र्याच्या खोल्या झाडायचा मला कंटाळा आलाय. त्या खोल्यांत राहणाऱ्या लोकांचा तर त्याहून जास्त.

टेगन कॅलगुर्लीची. सोन्याच्या खाणीचं गाव, खड्डा आणि दारूची दुकानं. ती कॅम्पच्या लाँड्रीत काम करते. पश्चिम सोडून कुठे गेलेली नाही. तिला कुणाच्या तरी खोलीत टाकून दिलेलं गाइडबुक सापडलं होतं. मी ते कचऱ्यात टाकलं. स्थानिक माणूस बरोबर असताना गाइडबुक कशाला.

२१ ऑगस्ट

टेगनने विचारलं, तू ही सगळी शहरं पाहिलीयस का. म्हटलं, पाहिलीयस काय विचारतेस. सिडनीला वडिलांच्या क्लबच्या बसमधून गेलोय. मेलबर्नच्या एअरपोर्टवर अख्खी दुपार काढलीय. शहर कळायला तेवढं पुरतं. बाकी ज्याला कळत नाही तो जन्मभर तिथे राहिला तरी कळत नाही, मेलबर्नवाल्यांकडे बघा.

पहिला नियम सांगितला: टूरिस्ट जातात तिथे आपण जायचं नाही. ती म्हणाली, मग ऑपेरा हाउस. म्हटलं, ते तर मुळीच नाही. सिडनीचा कोणता माणूस उठून ऑपेरा हाउस बघायला जातो. ती म्हणाली, मी सिडनीची नाहीये पण. वादच घालायचा असेल तर माणूस काहीही बोलतो.

२३ ऑगस्ट

टेगनला तारखा दाखवल्या. मेलबर्नला २६ सप्टेंबर, शुक्रवार, पुढे रविवारपर्यंत. ती कागदाकडे बघतच राहिली. मग म्हणाली, खरंच? तू हे माझ्यासाठी केलंस? म्हटलं, मग कुणासाठी. तिने मला लाँड्रीतल्या सगळ्या बायकांसमोर मिठी मारली. म्हणाली, तुला तो खेळ आवडत नाही तरी.

कसला खेळ ते विचारलं नाही. बायका भावनेच्या भरात असल्या की मध्ये बोलू नये.

९ सप्टेंबर

किचनमधला नेव्हिल भेटला. आचारी, मूळचा मेलबर्नचा, म्हणून स्वतःला कॉफीतला तज्ज्ञ समजतो. म्हणाला, काय रे कर्टिस, फायनलच्या शनिवारी मेलबर्नला चाललास म्हणे. खोली कधी घेतलीस, जानेवारीत? म्हटलं, खोली आधी घेऊन ठेवणं ही टूरिस्टची सवय. स्थानिक माणूस जातो, फिरतो, बरी वाटली तर घेतो. नेव्हिल इतका हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली. मग जेवायला येईल त्याला सांगत सुटला.

मेलबर्नवाल्यांचं हे असं. लांबट चेंडू घेऊन छत्तीस जण गोल मैदानात हवेत उड्या मारतात, त्याला ते फुटबॉल म्हणतात आणि त्यापायी शहराला सुट्टी देतात. आम्ही क्वीन्सलँडवाले रग्बी खेळतो, सरळ जातो आणि सरळ आपटतो.

टेगनने ट्रिपसाठी पिवळा-निळा मफलर काढलाय. मेलबर्नला थंडी असते, हे मीच सांगितलं होतं. लक्षात ठेवते बिचारी.

२४ सप्टेंबर, बुधवार. अ‍ॅडलेड

विमानतळावर डबा ठेवलेला, फळं टाकायला. इथे बाहेरची फळं आणायची नाहीत, माशी येते म्हणतात. टेगनची सगळी सफरचंदं गेली. मी माझं केळं चालता चालता खाल्लं आणि साल मफलरमध्ये गुंडाळलं, त्यांच्यापुढे नमतं घ्यायचं नाही म्हणून. तिला ते आवडलं नाही. म्हणाली, तो मफलर माझ्या बाबांचा आहे.

अ‍ॅडलेड पाहिलं. चर्च, चर्च, दारूचं दुकान, चर्च. समुद्राकडे जाणारी ट्राम होती, पण ती टूरिस्टची. आम्ही चालत गेलो. पोचेपर्यंत समुद्र दिसेनासा झाला होता, अंधार पडला म्हणून. टेगन पायाचे फोड बघत म्हणाली, इथले लोक ट्रामने का येतात ते मला कळलं. हे मी गंभीरपणे घेतलं नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. मेलबर्न

सगळं शहर रस्त्यावर. मिरवणूक. दोन संघांचे खेळाडू गाड्यांवर बसून हात हलवतायत आणि मोठी माणसं रडतायत. खोली कुठेच नाही. एका हॉटेलातल्या पोराने कुठल्या तारखेची हवी असं विचारलं आणि मी आजची म्हटल्यावर आत जाऊन साहेबाला बोलावून आणलं, मला दाखवायला.

तरी टेगन खुशीत. मफलर गळ्यात. दुपारी म्हणाली, बरं, आता दाखव ना. म्हटलं, काय. म्हणाली, तिकिटं रे. उद्याची. माझी टीम आहे फायनलला, सोळा वर्षांनी, आणि तू मला बरोब्बर त्या शनिवारी इथे आणलंस, आता सरप्राइज पुरे.

मी म्हटलं, कसली टीम.

मग ती नुसती त्या गाड्यांकडे बघत उभी राहिली. मिरवणूक संपेपर्यंत. नंतर एवढंच म्हणाली, मी बाबांना फोन करून सांगितलंय, कर्टिसने तिकिटं काढलीयत. ते रेल्वेत आहेत, त्यांनी तिथल्या सगळ्यांना सांगितलंय.

माझ्या मते चूक तिची. विचारायला हवं होतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

मुक्काम शहराबाहेर, वेरिबीच्या पलीकडे, कॅरॅव्हॅन गाड्यांच्या तळावर, पत्र्याच्या केबिनमध्ये. सुट्टीवर येऊन पुन्हा पत्रा. पण मी टेगनला समजावलं, की खरे मेलबर्नवाले इथेच राहतात, आत शहरात सगळे बाहेरचे. ती म्हणाली, खरे मेलबर्नवाले आज सगळे आत शहरात गेलेत, तळावर आपण दोघं आणि एक कुत्रा आहे.

ती एकटी गेली. मैदानाबाहेर मोठ्या पडद्यावर मॅच बघायला. मी नाही गेलो, तत्त्वाचा प्रश्न आहे. संध्याकाळी परत आली तेव्हा घसा बसलेला, कुणा अनोळखी बाईची टोपी डोक्यावर. जिंकले म्हणाली. मी म्हटलं, छान, पण अगदी खरं सांगायचं तर तो खेळ… तिने दार लावलं. मी बाहेरच होतो.

३० सप्टेंबर, मंगळवार. सिडनी

सिडनीवाल्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. बोलताना तुमच्या खांद्यावरून पलीकडे बघतात, तुमच्याहून महत्त्वाचं कुणी दिसतंय का म्हणून. पण सिडनी कशी बघायची हे मला माहीत आहे. ब्लॅकटाउनला माझा मित्र डॅरिल राहतो. त्याच्या गॅरेजमध्ये गादी टाकलीय. तिथून अस्सल सिडनी दिसते: टायरचं दुकान, लेबनीज कोंबडीवाला, मॉलचं पार्किंग. टेगनला सगळं दाखवलं.

ती म्हणाली, समुद्र कुठाय. म्हटलं, ट्रेनने लांब आहे, इथले लोक वर्षवर्ष जात नाहीत. डॅरिलला विचारलं तर तो म्हणाला, मी तर दर रविवारी जातो, फेरीबोटीने मॅनलीच्या किनाऱ्याला, मस्त वाटतं. डॅरिल पूर्वी असा नव्हता.

१ ऑक्टोबर

टेगन गेली. म्हणजे फार लांब नाही, बंदराजवळच्या होस्टेलवर. बॅग भरताना म्हणाली, माझ्याकडे चार दिवस आहेत, मी ते ब्लॅकटाउनच्या पार्किंगमध्ये घालवणार नाही. रविवारी एअरपोर्टवर भेटू, तुझ्या आईकडे येते म्हटलंय तर येते. मी शब्द मोडत नाही.

हे शेवटचं तिने कुणाला उद्देशून म्हटलं कळलं नाही.

आईला फोन केला. तिने कोकराचा रोस्ट आणि वर फळं घातलेला पॅव्हलोव्हा केक ठरवलाय. विचारत होती, टेगनला फळं कोणती आवडतात. म्हटलं, सफरचंदं. त्यावर आई म्हणाली, पॅव्हलोव्हावर सफरचंद कोण घालतं, तू तिला कधी विचारलंयस तरी का.

३ ऑक्टोबर

टेगनचे फोटो आले. ऑपेरा हाउस. ऑपेरा हाउसच्या पायऱ्या. पायऱ्यांवर बसून चिप्स खाताना. फेरीबोटीवर, केस तोंडावर. सगळे टूरिस्टी. मी उत्तर दिलं, सीगलना चिप्स देऊ नकोस, स्थानिक लोक देत नाहीत. तिने पुढचा फोटो सीगलचा पाठवला, चोचीत चिप.

रविवारी सगळं नीट होईल. आईसमोर मी वेगळाच असतो.

४ ऑक्टोबर, शनिवार

डॅरिलची बायको म्हणाली, आज झोपताना घड्याळ तासभर पुढे कर हं, उन्हाळ्याची वेळ सुरू होतेय. म्हटलं, वहिनी, आम्ही क्वीन्सलँडवाले घड्याळाला हात लावत नाही. दक्षिणेकडचे लोक दर उन्हाळ्यात सूर्याला शहाणपण शिकवतात, आमच्या गायींना ते आवडत नाही आणि तासभर जादा उन्हाने पडदे विटतात. माझा फोन बाराही महिने क्वीन्सलँडच्या वेळेवर असतो, आपोआप बदलण्याची सोयच बंद करून ठेवलीय. खाणीवरसुद्धा मी मनात वजाबाकी करतो. ती म्हणाली, विमान मात्र सिडनीचं आहे. बायकांशी या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

मुद्दाम रविवार सकाळचं विमान घेतलंय. दुपारी आईकडे जेवण, संध्याकाळी रग्बीची फायनल आमच्याच टीव्हीवर, आणि मध्यंतरात टेगनला विचारायचं. वाक्य पाठ केलंय.

५ ऑक्टोबर, रविवार. सिडनी एअरपोर्ट

अर्धा तास आधी पोचलो. माझ्या हिशेबाने. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की विमान उडालंय. मी तिला फोन दाखवला. तिने तो बघितला आणि विचारलं, तुम्ही क्वीन्सलँडचे का. ज्या पद्धतीने विचारलं ते मला आवडलं नाही. मागे रांगेत आणखी एक जण होता, क्वीन्सलँडमधल्याच टूवूम्बाचा, तोही तसाच. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

टेगन विमानात होती. निघताना तिचा मेसेज आलेला: कुठे आहेस. मग: दार बंद करतायत. मग काही नाही.

उद्या इथे कामगार दिनाची सुट्टी, क्वीन्सलँडमध्ये राजाच्या वाढदिवसाची, वर आज इथेच फायनल, त्यामुळे विमानांत जागा नाही. बस मिळाली. रात्रभराची. आईला फोन केला. ती म्हणाली, टेगन पोचली, काळजी करू नकोस, आम्ही जेवायला बसतोय. काळजी तिच्याबद्दल नव्हती.

बसमध्ये टीव्ही नव्हता. फायनल शेजाऱ्याच्या कानातल्या रेडिओवर ऐकली, त्याच्या चेहऱ्यावरून.

६ ऑक्टोबर, सोमवार. इप्सविच

पोचलो. आईने दार उघडून तोंडावर बोट ठेवलं. टेगन झोपलीय म्हणाली, तुझ्या खोलीत. दोघी उशिरापर्यंत मॅच बघत बसल्या होत्या. आई म्हणाली, पोरगी हुशार आहे, दुसऱ्या हाफपर्यंत तिला सगळे नियम समजले. तुला समजायला चार वर्षं लागली होती. मला व्हरांड्यातल्या कोचावर चादर मिळाली.

दुपारी टेगन भांडी पुसत होती. मी मागे उभं राहून पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं, खाण सोड, इथेच राहू. ती म्हणाली, अर्ध्याला माझा होकार आहे. तुझी आई काम करते त्या वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत माणूस हवंय, तिने तिथल्या मॅडमना फोन केलाय, मी गुरुवारपासून जाते.

मी म्हटलं, आणि उरलेलं अर्धं. ती म्हणाली, उरलेल्या अर्ध्यात तू आहेस.

७ ऑक्टोबर, मंगळवार. ब्रिस्बेन एअरपोर्ट

एकूण ट्रिप यशस्वी. टेगन क्वीन्सलँडला राहायला आली, ठरलं होतं तसंच. आईला ती आवडली, तिला आई आवडली. बेतात एकही चूक नव्हती.

मी खाणीवर परत चाललोय. खोली आईने टेगनला दिलीय. निघताना आईने डबा हातात दिला, गालाला गाल लावला आणि म्हणाली, नाताळला यायचं असलं तर आधी कळव रे, टेगनला विचारावं लागेल.