चाळीस उश्या आणि एक ‘हो’

सोमवार, ४

पोचवल्या! ध्यानाला बसायच्या चाळीस उश्या, एकही टाका वाकडा नाही. विहारातल्या भिक्षुणीबाई म्हणाल्या, “एकीवर बसून तर बघा. शिवणारीलाच ठाऊक नको, कशी झालीय ते?”

बसले. गुडघे कुरकुरले. डोळे मिटल्यावर सवयीने प्रार्थना सुरू झाली – प्रभू, तू... ओठ हलत असावेत, कारण बाई हळूच म्हणाल्या, “बोलतंय कोण? ऐकतंय कोण? शोधा जरा.”

शोधलं. क्षणभर दोघंही सापडले नाहीत! घाबरायला हवं होतं, तर मला हसूच फुटलं. घरी येताना फळवाला म्हणाला, “काय बाई, आज स्वारी खुशीत!”

बुधवार, ६

परत गेले. ताईला सांगितलं, उश्या उसवल्यात म्हणून. माझी शिलाई आणि उसवणार! खोटं बोलावं तेही स्वतःच्या हाताला बट्टा लावून.

विहारातला एक नियम भारी आहे. कुणी काही विचारलं की आधी तीन श्वास, मग उत्तर. “चहा हवा का?” मी तीन श्वास घेतले, तोवर किटली पुढे गेली!

गुरुवार, ७

दिवसभर तीन श्वास. गिऱ्हाइकं वैतागली. मी मजेत.

शुक्रवार, ८

नातीच्या बाप्तिस्म्यासाठी मी शिवतेय तो झगा बघायला ताई आली. “रविवारी धर्ममाता तूच. फादरना नाव कळवून टाकलंय.”

झालं! धर्ममातेला फादर सगळ्यांसमोर विचारणार, देवावर श्रद्धा आहे का? आणि मला तर या आठवड्यात देव कुठे संपतो नि मी कुठे सुरू होते तेच कळेनासं झालंय! खोट्या ‘हो’ने पोरीची सुरुवात करून द्यायची? ‘नाही’ म्हटलं तर ताई जन्मात तोंड बघणार नाही. ती म्हणजे आमच्या घरातलं चालतंबोलतं चर्च. कुणाचं आजारपण असो की परीक्षा, प्रार्थनेला बोलावणं तिलाच.

शनिवार, ९

फादर आणि भिक्षुणीबाई, दोघांनाही विचारून टाकलं – देव आणि मी दोन की एक?

फादर माइकची वायर सोडवत होते. म्हणाले, “अगं, प्रेमाला दोन लागतात. पण प्रार्थना खोल गेली की कुणी कुणाला धरलंय ते कळत नाही, हे आपल्या जुन्या संतांनीही सांगितलंय. धरलेलं असतं, एवढं नक्की.”

भिक्षुणीबाईंनी तीन श्वास घेतले. “दोन नाहीत म्हटलं. एक आहे असं कुठे म्हटलं मी?”

घ्या! म्हणजे मोजणं माझंच होतं. आयुष्यभर टेप गळ्यात, दुसरं काय होणार? झग्याची झालर लावताना मोठमोठ्याने गात होते. उद्या ‘हो’ म्हणणार. मनापासून!

रविवार, १०

अरे देवा!!

फादरनी विचारलं, “परमेश्वरावर तुमची श्रद्धा आहे का?” आणि मी, मेली सवय, एक श्वास घेतला. चर्च चिडीचूप. दोन. बाळ कडेवर घेतलेल्या भाचीचे डोळे मोठे झाले. पेटीवाले काका जागेवरून अर्धे उठले. तीन.

“हो! आहे!”

इतक्या जोरात की बाळाने भोकाड पसरलं. फादरनी हसू दाबतच पाणी ओतलं. बाहेर आल्यावर भाची म्हणाली, “मावशी, जीव टांगणीला लावलास!” मी हसून हसून बेजार. पण ते ‘हो’ खरं होतं! इतकं खरं मी कधी काही बोलले नव्हते.

ताई तेवढी हसली नाही. मागच्या बाकावर बसून राहिली. उद्या माझी खैर नाही.

सोमवार, ११

ताई सकाळीच आली. रागावली नाही. मशीनजवळच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, “काल तू थांबलीस, तेव्हा मीपण थांबले. मला ‘हो’ सापडलंच नाही. सहा वर्षं झाली, समोर कुणीच नसतं गं. मी नुसती म्हणत राहते.”

समोर कुणी नाही म्हणून मी आठवडाभर नाचत होते. ही त्यात एकटी बसली होती.

सहा वर्षं! आणि दर रविवारी मी तिच्या शेजारी, त्याच बाकावर.