तुमच्या वतीने दिलेला नकार

बाबा, विकास नगरच्या घरातली ती मागची खोली आठवली की आधी उकाडाच आठवतो. बाहेर जूनची लू, अंग भाजणारा वारा, आणि तुम्ही खिडकीला रजाई ठोकलेली, दाराच्या फटीत आईच्या जुन्या साड्या कोंबलेल्या, कारण शेजारच्या भाभीजींची तक्रार आली होती. आत तुम्ही, ड्रमसेट आणि एक टेबलफॅन. तोही बंद, कारण त्याच्या घरघरीत तुम्हाला तारांच्या ब्रशचा आवाज ऐकू यायचा नाही. मी पाणी घेऊन येते, बनियन तुमच्या पाठीला चिकटलेलं असतं, आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, "दार लाव."

कराडहून लष्करी बँडमध्ये भरती होऊन तुम्ही लखनौला आलात आणि वीस वर्षं परेडच्या पावलांना ठोका दिलात. सुटीच्या संध्याकाळी हजरतगंजच्या एका हॉटेलात पियानोवाले अंकल भेटले, त्यांनी तुम्हाला जॅझ ऐकवला, आणि पेन्शनीत निघाल्यावर तुम्ही गावी न जाता त्यांच्या शेजारी जाऊन बसलात. लोकांना वाटलं, बँडवाला आहे, सरळसोट वाजवेल. तुम्ही डाव्या हातातली काठीच टाकून दिलीत. उजव्या हातात ब्रश, डावा हात उघडा. बोटांनी बोल काढायचे आणि मनगट दाबून मोठ्या ड्रममधून डग्ग्यासारखा घुमारा. कथकच्या शिकवण्या चालायच्या तिथे बाहेरच्या ओट्यावर बसून तुम्ही तिहाया ऐकल्या होत्या. पियानो चार मात्रांत चाललेला असताना तुम्ही सात मात्रांची वीण टाकायचात. अंकल घाबरून विचारायचे, "अरे उस्ताद, सम कहाँ है?" "आ रही है, आप चलते रहिए," तुम्ही हसत म्हणायचात. आणि पियानोची सात आवर्तनं पुरी झाली की दोघं नेमके समेवर एकत्र यायचात. असं वाजवणारं तेव्हा दुसरं कुणी मी तरी ऐकलं नाही.

मग दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. आईला झटका येऊन तिची उजवी बाजू गेली. आणि अंकल कलकत्त्याला निघून गेल्यावर हॉटेलच्या नव्या मॅनेजरने बटण दाबलं की ठेका वाजणारा कीबोर्ड आणला. तुम्हाला काढलं नाही, पण त्या यंत्राच्या मागे बसवलं. "गज़ल है साहब, हल्के हाथ से बस साथ दीजिए." सकाळी तुम्ही आईला उठवायचात, अंघोळ घालायचात, तिचा हात तेल लावून चोळायचात. मी बँकेतून आले की तुम्ही हॉटेलात जायचात. आपण दोघं दारातच भेटायचो. "औषध दिलंय." "बरं." वर्षभर आपण याहून जास्त बोललो असू असं वाटत नाही.

अंकलचा फोन बँकेत आला, कारण घरी फोन नव्हता. मॅनेजरसाहेबांच्या टेबलापाशी उभी राहून मी ऐकत होते. तुमच्या वादनाची त्यांच्याकडची कॅसेट त्यांनी परदेशी आयोजकांना ऐकवली होती. तीन महिन्यांचा युरोपचा दौरा ठरला होता आणि त्या लोकांना तुम्हीच हवे होतात. "बेटा, पापा से पूछकर बताना." मला एकदम ते तीन महिने दिसले. सकाळ, बेडपॅन, बँक, आई, पुन्हा सकाळ. मी म्हटलं, "अंकल, पूछने की ज़रूरत नहीं. वो नहीं आ पाएँगे." ते म्हणाले, "अच्छा. उनसे कहना, मैं समझता हूँ."

मी तुम्हाला काहीच सांगितलं नाही. महिन्याभराने त्यांचं कार्ड आलं, तेव्हा तुम्हाला कळलं. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. तुम्ही कार्ड ओट्यावर ठेवलंत. मला वाटलं, आता ओरडाल. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं.

"मी नाहीच म्हणालो असतो," तुम्ही म्हणालात. "तिला टाकून मी कुठे जाणार होतो? पण ते मी म्हणालो असतो ना गं."

मी कणीक मळत राहिले. तुम्ही कार्ड उचललंत, खिशात घातलंत आणि आईला सूप पाजायला गेलात.

त्यानंतरच्या रविवारी मी आईजवळ भाभीजींना बसवून हॉटेलात आले होते. तुम्हाला ते कधीच कळलं नाही. मी दाराजवळच्या खांबामागे उभी होते. यंत्र आपलं चारांत टकटकत होतं आणि तुम्ही त्याच्यावर सात टाकलेत. गाणारा गडबडला, थांबला. यंत्राला थांबता येईना. तुम्ही त्याला घेरलंत, पुढे गेलात, मागे राहिलात, उघड्या हाताने घुमारा काढत राहिलात. जेवणारी माणसं चमचे खाली ठेवून बघत होती. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. त्यावर आनंद नव्हता. बंद दारावर थापा मारणारा माणूस असतो, तसे तुम्ही दिसत होतात. दुसऱ्या दिवसापासून हॉटेलने तुम्हाला बोलावलं नाही. तुम्ही घरात म्हणालात, "बरं झालं, आता हिच्याजवळ राहता येईल." आई गेली, आणि दीड वर्षाने तुम्ही गेलात. मधल्या काळात खिडकीवरची रजाई तुम्हीच काढलीत. वाजवलं मात्र नाहीत.

मागच्या आठवड्यात संगीतावर प्रबंध लिहिणारी एक मुलगी माझ्या घरी आली. तुमची कॅसेट तिला कलकत्त्यात मिळाली होती. रेकॉर्डर चालू करून तिने विचारलं, "आंटी, इतने बड़े दौरे का न्योता था, फिर गए क्यों नहीं?"

मी म्हटलं, "उन्होंने ख़ुद मना कर दिया था. माँ बीमार थीं."

तिचे डोळे भरून आले. तिने ते वहीत लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ ओढली. तुम्हाला तुमचा नकार परत द्यावा म्हणून मी तसं म्हणाले, की स्वतःला वाचवण्यासाठी, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. जाताना ती म्हणाली, काही चुकलं असेल तर जरूर कळवा, छापायला अजून वेळ आहे. मी काही कळवलेलं नाही.